दीर्घसूत्री डॉक्टर जॉन्सन

काम लांबणीवर टाकण्याच्या सवयीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. चालढकल, दिरंगाई, टंगळमंगळ, चेंगटपणा अशी कितीतरी नावे आपण तिला दिली आहेत. प्रत्येकाची छटा निराळी असली तरी निवाडा करताना आपण ही सगळी नावे एकाच गाठोड्यात बांधतो आणि त्यावर 'आळस' अशी चिठ्ठी लावून मोकळे होतो. जुनी परंपरा या बाबतीत अधिक काटेकोर होती. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना 'अलस' आणि 'दीर्घसूत्री' हे शब्द वेगळे योजले आहेत, आणि त्या दोहोंच्या मधे 'विषादी' हा शब्द आहे. आळशी माणसाला काम नकोच असते. दीर्घसूत्री माणसाला ते करायचे असते, त्याचे महत्त्वही पटलेले असते, पण आजच्या आजला हात घालवत नाही. आणि या दोघांमध्ये उभा असलेला विषाद आपण बहुधा नजरेआड करतो.

महाभारताच्या शांतिपर्वात तर या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. एका कथेत 'दीर्घसूत्र' नावाचा मासा संकट दिसत असूनही वेळेवर हालत नाही आणि प्राणास मुकतो. दुसऱ्या कथेतला चिरकारी हा गौतमाचा पुत्र. वडील रागाच्या भरात आईला मारण्याची आज्ञा देऊन वनात निघून जातात. चिरकारी सवयीप्रमाणे विचार करीत बसतो, आणि तेवढ्यात पश्चात्ताप पावलेला गौतम परत येतो. मुलाच्या विलंबामुळे आई वाचते, आणि त्या विलंबाची स्तुती होते. म्हणजे प्रत्येक उशीर हा दोष नव्हे, हेही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. प्रश्न असा, की कोणता उशीर माणसाला तारतो आणि कोणता पोखरतो? याचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा एखाद्या आयुष्यात शोधणे आम्हांला अधिक फलदायी वाटते. आणि त्यासाठी अठराव्या शतकातील इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन (१७०९–१७८४) याच्याइतके उघड्यावर मांडलेले आयुष्य क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला जॉन्सन परका नाही. त्याच्या 'रासेलस' या कथेचे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले भाषांतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पूर्ण केले, आणि पुढे 'निबंधमाले'तही जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. मराठी निबंधाच्या घडणीच्या काळात जॉन्सन आपल्याकडे आला तो प्रचंड विद्वत्तेचा, एकहाती कोश रचणारा, करारी पुरुष म्हणून. त्या प्रतिमेत खोटे काहीच नाही. मात्र याच पुरुषाने आयुष्यभर स्वतःला आळशी म्हणवून घेतले, सकाळी आठला उठण्याचे संकल्प वर्षानुवर्षे केले आणि मोडले, ही बाजू त्या प्रतिमेत मागे राहिली.

सुरुवात त्याच्या पहिल्या पुस्तकापासून करू. जेरोनिमो लोबो या पोर्तुगीज जेझुइटाच्या अॅबिसिनियातील प्रवासवर्णनाचे भाषांतर जॉन्सनने बर्मिंगहॅममध्ये अंगावर घेतले. थोडा मजकूर छापखान्यात गेला आणि काम थांबले. एडमंड हेक्टर या शाळूसोबत्याने बरीच मनधरणी केली, ती व्यर्थ गेली. मग हेक्टरने दुसरा उपाय केला. हे पुस्तक पुरे झाल्याशिवाय छापणाऱ्याला दुसरे काम घेता येत नाही आणि त्याच्या बायकामुलांचे हाल होत आहेत, एवढेच त्याने सांगितले. जॉन्सन तरीही अंथरुणातून उठला नाही. पण पडल्यापडल्या मूळ पुस्तक समोर धरून त्याने भाषांतर सांगितले आणि हेक्टरने ते उतरवून घेतले. पुस्तक १७३५ मध्ये बाहेर आले.

बॉस्वेलने चरित्रात नोंदवलेला हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. आम्हांला मात्र त्यात पुढच्या पन्नास वर्षांची किल्ली दिसते. स्वतःचे हित, स्वतःचा नावलौकिक, स्वतःशी केलेला संकल्प यांपैकी कशानेही जॉन्सन हलत नसे. समोर दुसरा कोणी अडून बसला आहे हे कळले, की तोच माणूस झपाट्याने कामाला लागे.

आता त्याच्या कोशाकडे वळू. येथे आपण सावध असायला हवे, कारण उशीर झालेले प्रत्येक काम चालढकलीच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे. जून १७४६ मध्ये पुस्तकविक्रेत्यांच्या मंडळाशी १५७५ पौंडांचा करार झाला. तीन वर्षांत कोश पुरा करू, असे जॉन्सनने सांगितले. फ्रेंच अकादमीच्या चाळीस विद्वानांना चाळीस वर्षे लागली, याची आठवण एका मित्राने करून दिली तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच माणसाचे प्रमाण यावरून काढून त्याने तो विषय हसण्यावारी नेला. प्रत्यक्षात कोश प्रसिद्ध झाला एप्रिल १७५५ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. सुमारे ४२ हजार शब्द, लाखाहून अधिक अवतरणे आणि मदतीला सहा लेखनिक. अॅलन रेडिक यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात दाखवून दिले आहे, की जॉन्सनची पहिली पद्धतच मधे कोसळली. आधी आखून ठेवलेल्या चौकटीत शब्दांचे अर्थभेद आणि अवतरणे मावेनात. केलेले बरेचसे काम टाकून नव्याने मांडणी करावी लागली. हा विलंब विषयाने लादलेला होता. त्यात चालढकल असलीच तर ती एका मोठ्या शोधाच्या आडोशाला होती. चिरकारीच्या कथेतला उशीर याच जातीचा: समोरचा प्रश्न उतावळेपणाने सुटणारा नसतो, म्हणून थांबावे लागते.

याच कोशाच्या धबडग्यात जॉन्सन 'रॅम्ब्लर' हे निबंधपत्र चालवीत होता. मार्च १७५० ते मार्च १७५२ या दोन वर्षांत, दर मंगळवारी आणि शनिवारी, असे २०८ अंक निघाले. मोजके अपवाद सोडता सगळे त्याच्या एकट्याच्या लेखणीतून उतरले. २९ जून १७५१ चा १३४ वा अंक आपल्या विषयावरच आहे. काय लिहावे याचा विचार करीत, एक विषय धरून दुसरा सोडीत आपण वेळ कसा दवडला आणि छापखान्याचा तगादा आल्यावर हीच दिरंगाई विषय म्हणून कशी हाती लागली, हे सांगून तो निबंध सुरू होतो. पुढे जॉन्सन या सवयीची चिकित्सा करतो. अप्रिय काम पुढे ढकलल्याने ते टळत नाही, आणि मधला काळही सुखाचा जात नाही, कारण ते मनात घर करून राहते आणि प्रत्येक विरंगुळ्याची चव बिघडवते. हा दोष कमीअधिक प्रमाणात प्रत्येक मनात असतो, असे तो मानतो. उपदेशकाची उंच बैठक तो घेत नाही, हे या निबंधाचे मोठेपण आहे.

हा निबंध चित्रकार जोशुआ रेनल्ड्झच्या दिवाणखान्यात, छापखान्याचा पोऱ्या दारात खोळंबला असताना, घाईघाईने लिहिला गेला अशी आख्यायिका श्रीमती थ्रेल यांनी नोंदवली आहे. ती खरी असू शकत नाही. रेनल्ड्झ १७४९ पासून १७५२ पर्यंत इटली वगैरे देशांत होता. त्याची आणि जॉन्सनची ओळखही नंतरची. तरीही ही कथा रुजली, कारण ती स्वभावाला धरून होती. दुसरा एक प्रसंग अधिक विश्वसनीय आहे. ऑक्सफर्डमध्ये असताना टपाल निघायला अर्धा तास उरला आहे असे कळताच जॉन्सनने 'आयडलर'चा एक निबंध बसल्या बैठकीत पुरा केला. लँग्टन या मित्राने तो वाचायला मागितला. आपण स्वतः जेवढे वाचले त्याहून अधिक तुला वाचू देणार नाही, असे म्हणून त्याने कागद घडी करून पाठवून दिला. या 'आयडलर'च्या ३१ व्या अंकात 'सोबर' नावाचे एक पात्र आहे. एकांतात आपल्याच मनाची गाठ पडू नये म्हणून ते गप्पांत आणि किरकोळ उद्योगांत वेळ काढत राहते. हे लेखकाचेच चित्र, असे त्याला जवळून ओळखणारे सांगत.

निबंधपत्रांच्या बाबतीत ही रीत खपून गेली. शेक्सपिअरच्या बाबतीत मात्र ती अंगाशी आली. मार्च १७५६ मध्ये पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी जॉन्सनला अटक झाली. कादंबरीकार रिचर्डसनने पैसे पाठवले तेव्हा तो सुटला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने शेक्सपिअरच्या नाटकांची नवी आवृत्ती जाहीर केली, १७५७ च्या नाताळापूर्वी ती देण्याचे वचन दिले आणि वर्गणीदारांकडून अगाऊ पैसे घेतले. १७५७ गेले, १७५८ गेले. १७६२ मध्ये चार्ल्स चर्चिल या कवीने 'द घोस्ट' या उपहासकाव्यात जॉन्सनला 'पॉम्पोसो' ठरवून पैसे घेऊन ग्रंथ न देणारा म्हणून त्याची जाहीर खिल्ली उडवली. त्याच वर्षी राजाकडून ३०० पौंडांचे वार्षिक मानधन सुरू झाले आणि लिहिण्याची आर्थिक निकडही ओसरली. ग्रंथ आला ऑक्टोबर १७६५ मध्ये, आठ खंडांत. वर्गणीदारांची यादी छापण्याविषयी विचारले असता, नावे हरवली आणि पैसे खर्च झाले, असे त्याने सरळ सांगितले.

या विलंबाचा कामावर काय परिणाम झाला? आवृत्तीची प्रस्तावना आजही शेक्सपिअर-समीक्षेत मानाचे स्थान राखून आहे. स्थलकालाच्या ऐक्याचा बाऊ तिने कायमचा मोडला. पण जुन्या छापील प्रती ताडून पाहण्याचे जे मोठे काम १७५६ च्या जाहीरनाम्यात सांगितले होते, ते तेवढ्या प्रमाणात झाले नाही. हव्या तितक्या प्रती मिळाल्या नाहीत, अशी कबुली प्रस्तावनेतच आहे. येथे एक भेद लक्षात येतो. बुद्धीची झेप शेवटच्या घटकेलाही साधते. तिला वेळेपेक्षा तयारी लागते, आणि ती जॉन्सनपाशी लहानपणापासूनच्या वाचनाची होती. रोज थोडे थोडे, न कंटाळता करायचे काम मात्र शेवटच्या घटकेला होत नाही. चालढकलीचा पहिला घाव नेहमी अशा मूक, कष्टाच्या कामावर पडतो. वरवर पाहणाऱ्याला तो दिसत नाही, आणि म्हणून दडपणाखालीच प्रतिभा खुलते हा गोड समज टिकून राहतो.

शेक्सपिअरचे काम असे रेंगाळले असतानाच १७५९ चा जानेवारी उजाडला. लिचफील्डला आई मरणपंथाला लागल्याचे कळले. लिचफील्ड लंडनपासून सुमारे १२० मैलांवर, आणि जॉन्सन १७४० नंतर तिकडे गेलेला नव्हता. आईवर त्याचे प्रेम नव्हते असे म्हणता येणार नाही. तो तिला पैसे पाठवी, पत्रे लिही. न जाण्याची कारणे शोधू गेल्यास सापडतातही: कोशाचे काम, पैशांची ओढाताण, जुन्या घराच्या दुःखद आठवणी. परंतु एकोणीस वर्षे हा फार मोठा काळ आहे. अखेरच्या पत्रात त्याने आईपाशी आपल्या हातून जे वाईट घडले त्याची, आणि जे चांगले करायचे राहून गेले त्याचीही क्षमा मागितली. तो पोचण्याआधीच ती गेली. चिरकारीच्या उशिराने आई वाचली होती. या उशिराने तिचे शेवटचे दर्शनही हुकले.

आईच्या अंत्यविधीचा खर्च आणि तिची किरकोळ देणी भागवण्यासाठी त्याने 'रासेलस' लिहिले, असे बॉस्वेल सांगतो. एका आठवड्यातल्या संध्याकाळी, जसे लिहून होईल तसे छापखान्यात पाठवून, ही कथा पुरी झाली. पहिल्या आवृत्तीचे १०० पौंड मिळाले. हेक्टरने वापरलेली युक्ती आता मृत्यूने वापरली होती, आणि कथेचा देशही तोच, लोबोच्या भाषांतरातून ओळखीचा झालेला अॅबिसिनिया. त्यानंतर बॉस्वेलच्या नोंदीप्रमाणे १७८१ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी, प्रवासात हाती लागेपर्यंत जॉन्सनने ते पुस्तक पुन्हा उघडून पाहिले नव्हते.

'रासेलस'चा चौथा अध्याय या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचून पाहावा. सुखाच्या दरीत कोंडलेला राजपुत्र बाहेरच्या जगाची कल्पनाचित्रे रंगवण्यात वीस महिने घालवतो. मग त्याला दवडलेल्या काळाची जाणीव होते, आणि यापुढे पोकळ संकल्पांत वेळ घालवायचा नाही, असा संकल्प करण्यात तो आणखी चार महिने घालवतो. चिनी मातीचा पेला फुटल्यावर एक दासी सहज काही बोलते, जे सांधता येत नाही त्याचा शोक कशाला अशा अर्थाचे. आणि त्या बोलण्याने तो भानावर येतो. संकल्पावर इतका जिव्हारी लागणारा विनोद कोणा त्रयस्थाला सुचला नसता. आणि तो लिहिला गेला तो आठवडा लक्षात घेतला, तर दासीचे ते साधे वाक्य कोणासाठी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

राहिला प्रश्न मनःस्वास्थ्याचा. जॉन्सनच्या प्रार्थना आणि आत्मपरीक्षणाच्या नोंदी त्याच्या मृत्यूनंतर १७८५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत दर ईस्टरला, दर वाढदिवसाला तेच संकल्प पुन्हा पुन्हा येतात: लवकर उठणे, नियमित वाचन करणे, दिवसाचा हिशेब ठेवणे. १७६४ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या नोंदीत तो लिहितो, की गेले वर्ष कोठे गेले हे आपल्याला सांगता येत नाही. मनावर विस्मृतीचे एक विचित्र पटल पसरले आहे. त्याच वर्षी पंचावन्नाव्या वाढदिवशी, सारे आयुष्य संकल्प करण्यातच सरले, अशा आशयाची नोंद आहे. ऐन तारुण्यापासून त्याला विषण्णतेचे झटके येत, आणि वेड लागेल या भयाने तो ग्रासलेला असे. १७६६ च्या सुमारास त्याची अवस्था इतकी खालावली, की थ्रेल दांपत्याने त्याला आपल्या स्ट्रेथमच्या घरी नेऊन सांभाळले.

येथे कार्यकारणाचा धागा सरळ नाही. विषण्णतेमुळे काम होत नसे. काम न झाल्याने अपराधी वाटे. अपराधाच्या भाराने संकल्प अधिकाधिक कडक होत. तो मोडला की विषण्णता आणखी गडद होई. धर्मश्रद्ध जॉन्सनच्या दृष्टीने वाया गेलेला दिवस हे नुसते नुकसान नव्हते, त्याचा जाब ईश्वरापुढे द्यावा लागणार होता. इतरांच्या दुबळेपणाकडे 'रॅम्ब्लर'मध्ये क्षमाशील नजरेने पाहणारा हा लेखक स्वतःला ती क्षमा देऊ शकला नाही, आणि त्यानेच त्याचे पाऊल अधिक अडखळले असे आम्हांला वाटते.

आधुनिक मानसशास्त्र या निरीक्षणाच्या जवळ येऊन पोचले आहे. डायॅन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठातील विद्यार्थ्यांची सत्रभर पाहणी केली. सत्राच्या आरंभी चालढकल करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा निवांत आणि निरोगी दिसले. सत्र संपत आले तसे चित्र उलटले: ताण वाढला, आजारपण वाढले, आणि एकूण जमाखर्चात तोटाच झाला. गुणही कमी पडले. चालढकल ही वेळेच्या नियोजनातली चूक नसून नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका करून घेण्याची धडपड आहे, हा विचार त्यानंतरच्या संशोधनात बळावत गेला. 'विषादी' आणि 'दीर्घसूत्री' यांना शेजारी बसवणाऱ्याला हे नवे वाटले नसते.

यावर कोणी विचारील, की ज्याने कोश दिला, दोनशेहून अधिक निबंध दिले, उतारवयात १७७९ आणि १७८१ मध्ये कवींची चरित्रे दिली, त्याचे बिघडले काय? उत्तर जॉन्सननेच ठेवले आहे. कवींच्या चरित्रांविषयी १७८१ च्या नोंदीत तो म्हणतो, की नेहमीच्याच रीतीने, कामाची नावड बाळगत, रेंगाळत आणि मग घाईने, आपण ती लिहिली. त्या स्वरात फुशारकी नाही. शिवाय लँग्टनपाशी त्याने दिलेली योजलेल्या ग्रंथांची यादी बॉस्वेलने छापली आहे: अॅरिस्टॉटलपासूनच्या समीक्षेचा इतिहास, चॉसरची नवी आवृत्ती, अॅरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्राचे भाषांतर आणि असे कितीतरी. जे लिहिले गेले त्याच्या झगमगाटात हे न लिहिलेले कपाट कोणी उघडून पाहत नाही. यातले सगळे चालढकलीनेच बुडाले असे नव्हे. पण समीक्षेचा तो इतिहास असता तर आपल्या अभ्यासक्रमांचे पहिले पान कदाचित निराळे असते.

विष्णुशास्त्र्यांचे आयुष्य याच्या शेजारी ठेवले तर मन थबकते. १८७४ मध्ये 'निबंधमाला', १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा', आणि मार्च १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मृत्यू. पंचावन्नाव्या वर्षी जॉन्सन संकल्प मोजत होता. शास्त्रीबुवांच्या वाट्याला ते वय आलेच नाही. या तुलनेतून एकाला थोर आणि दुसऱ्याला दोषी ठरवायचे नाही. मासिक पुस्तकाचा अंक दर महिन्याला वाट पाहत असतो, आणि वाट पाहणारे कोणी असले की लेखणी चालते, हा नियम पुण्यातही लंडनइतकाच खरा होता.

जॉन्सनच्या आयुष्यातून काही शिकायचेच असेल तर ते एवढेच, की त्याला संकल्पाने एकदाही कामाला लावले नाही. त्याला कामाला लावले ते मंगळवार-शनिवारच्या अंकाने, निघायच्या बेतात असलेल्या टपालाने, छापणाऱ्याच्या उपाशी कुटुंबाने. काम लहान होते, वार ठरलेला होता आणि पलीकडे कोणी माणूस खोळंबला होता, तेव्हा तो लिहिता झाला. जेथे काम अफाट, मुदत दूर आणि साक्षीला फक्त स्वतःचे मन, तेथे त्याची लेखणी अडली आणि मन खचले. प्रबंधाचे प्रकरण वर्षभर उशाशी घेऊन झोपणाऱ्या विद्यार्थ्याला, आणि 'आळशी' एवढा शेरा मारून त्याला वाटेला लावणाऱ्या त्याच्या मार्गदर्शकालाही, आम्ही एवढेच सुचवू: पुढच्या शनिवारी चार पाने, असे ठरवावे, आणि त्या शनिवारी मार्गदर्शकाने खरोखर वाट पाहत बसावे.